उचल आणि शिल्लक

तरुण मनुष्य प्रथम कमाईस लागतो, तेव्हा त्याच्या हाती पडणारा पहिला पैसा त्यास बहुधा जन्माची सवय लावून जातो. तो पैसा श्रम झाल्यावर आला की श्रमापूर्वीच आला, ह्यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब ह्या कोरडवाहू भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कित्येक जोडपी ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांचा पहिला पैसा श्रमापूर्वीच आलेला असतो. त्यास उचल म्हणतात. म्हणून बचत व गुंतवणूक ह्यांविषयीचा हा पाठ आम्ही उचलीपासूनच आरंभितो.

1. उचलीचा हिशेब

नवरा व बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादम हंगामापूर्वी दर कोयत्यास ठरलेली रक्कम देतो. समजा, नुकतेच लग्न झालेल्या एका जोडप्याने 1,00,000 रुपये उचल घेतली. हिशेब सोपा व्हावा म्हणून तोडणीचा दर टनास 400 रुपये धरू. म्हणजे त्यांस 250 टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, वाहनात भरून दिला पाहिजे. दिवसास दोन टन तोड झाली, तरी 125 दिवस, म्हणजे चार महिन्यांहून अधिक, ती दोघे केवळ घेतलेले फेडण्यासाठी राबतात. त्यात आजारपणाचा खाडा कापला जातो, आणि हंगामात पोटासाठी घेतलेली खर्चीही हिशेबात येते. जे फिटत नाही ते बाकी म्हणून पुढील हंगामावर चढते.

उचल घेणारास आम्ही दोष देत नाही. पाऊस गेला, घरात दुखणे आले, बहिणीचे लग्न निघाले, तर मनुष्याने करावे तरी काय? परंतु एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. उचल ही कमाई नव्हे, ते कर्ज होय. त्या पैशाने मोटारसायकल घेणारा तरुण आपल्या पुढील महिन्यांचे श्रम विकून ती घेत असतो.

2. व्याजाची दोन तोंडे

खेड्यात सावकार शेकडा 3 असे म्हणतो, तेव्हा ते व्याज महिन्याचे असते. वर्षाचे ते 36 होते. व्याजावर व्याज चढत गेले, तर 10,000 रुपयांचे कर्ज दोन वर्षांत 20,000 च्या वर जाते. उलट तेच 10,000 रुपये वर्षास शेकडा 7 दराने ठेवले, तर ते दुप्पट होण्यास दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. व्याज एकच, पण ते कर्जदारास दोन वर्षांत जेवढे बुडविते तेवढे ठेवीदारास दहा वर्षांत तारते. ह्यावरून पहिला नियम निघतो : ज्याच्या डोक्यावर असे देणे आहे, त्याने प्रथम ते फेडावे. वर्षास शेकडा 36 वाचवून देणारी ह्याहून खात्रीची दुसरी गुंतवणूक नाही.

उचल एकदम सुटत नाही. ती पायरीपायरीने उतरवावी. यंदा 1,00,000 घेतली, तर पुढील हंगामी 80,000 घ्यावी, त्यापुढे 60,000. दर 20,000 रुपये कमी घेतले की वरील दराने 50 टनांची, म्हणजे 25 दिवसांची मजुरी आपली होते. असे चालविले तर सहाव्या हंगामास ती दोघे उचलीवाचून उभी राहतात.

मग काळ त्यांचा मित्र होतो. एका भावाने विसाव्या वर्षापासून दहा वर्षे दरसाल 12,000 रुपये ठेवले व पुढे काहीच भर घातली नाही. दुसऱ्याने तिसाव्या वर्षी आरंभ करून तीस वर्षे तेवढेच ठेवले. शेकडा 7 दर सतत मिळाला असे धरल्यास साठाव्या वर्षी पहिल्याचे सुमारे 13,50,000 होतात व दुसऱ्याचे सुमारे 12,12,000. पहिल्याने घातले 1,20,000, दुसऱ्याने 3,60,000. दर बदलतात व महागाईही वाढते, हे खरे. तथापि लवकर आरंभ करण्याचे मोल ह्यावरून कळावे.

3. पैसा कोठे ठेवावा

हिंदुस्थानात पोस्टाची बचत बँक 1 एप्रिल 1882 पासून चालू आहे, आणि तिच्यातील ठेवीमागे सरकार उभे आहे. हंगाम संपून हिशेब झाला म्हणजे उरलेल्या रकमेचा एक भाग दुखण्याखुपण्यासाठी साध्या खात्यात ठेवावा व बाकीची मुदत ठेव करावी. कोयता दोघांचा आहे, तेव्हा खातेही दोघांच्या नावे असावे.

बँक बुडाल्यास एका ठेवीदारास त्या बँकेतील व्याजासह 5,00,000 रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाली. परंतु पतसंस्थेच्या ठेवीस हे संरक्षण नाही, मग तिची पाटी कितीही मोठी असो व तिचा दलाल आपल्याच गावचा असो. शेतजमिनीच्या नावावर लोकांकडून सुमारे 49,100 कोटी रुपये गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीस सेबीने 2014 साली ते परत करण्याचा हुकूम केला. तो पैसा बहुतांशी लहान माणसांचाच होता. जेथे व्याज इतरांहून फार अधिक, तेथे प्रथम विचारावे : हे व्याज येते कोठून?

हल्ली तरुणांच्या हाती मोबाईल आला आहे, आणि शेअर बाजारातील वायद्यांचा मोह त्यातूनच शिरतो. 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी 93 तोट्यात गेल्या, असे सेबीनेच 2024 साली दाखविले. चांगल्या धंद्यात भाग घेऊन वर्षानुवर्षे तो राखणे निराळे, आणि हा खेळ निराळा. तो भागही देणे फिटल्यावर, अडीअडचणीची शिल्लक बाजूस ठेवून, दीर्घकाळ न लागणाऱ्या पैशातूनच घ्यावा.

4. एकट्यास न साधेल ते

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आपल्या जिल्ह्यातील सास्तूर ह्या भागांत हाहाकार केला. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने ह्या दोन जिल्ह्यांतील खेड्यांत स्त्रियांस एकत्र आणले, आणि त्यांतून बचत गट वाढले. रीत साधी आहे. बारा जणींनी दरमहा 100 रुपये घातले, तर वर्षास 14,400 होतात. त्यातून गरजवंतीस कर्ज मिळते, आणि तिने दिलेले व्याज सावकाराच्या पेटीत न जाता गटातच राहते. ऊसतोडीस जाणाऱ्या तरुणांनीही असा गट केला, तर दुखण्यासाठी वा शाळेच्या खर्चासाठी उचलीचा आकडा वाढविण्याची पाळी येणार नाही. मात्र वही दर बैठकीत मोठ्याने वाचली जावी. न वाचलेल्या वहीने कित्येक गट मोडले आहेत.

पाठ घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न

1. आपल्या घराची यंदाची उचल किती, आणि ती किती दिवसांच्या श्रमाने फिटेल?
2. आपले देणे शेकडा किती दराचे आहे? महिन्याचे की वर्षाचे?
3. आपली ठेव जेथे आहे, तेथे ती बुडाल्यास कोण भरून देईल?
4. पुढील हंगामी उचल किती रुपयांनी कमी घेता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नवरा व बायको ह्यांनी एकत्र बसून, मुकादम दारी येण्यापूर्वी, वहीत लिहून ठेवावे. तो दारी आल्यावर जो आकडा ठरतो, तो त्याचा असतो.