पाण्यातला सोमल

सोमल हे नाव आपल्या कानावरून गेलेले आहे. पूर्वी उंदीर मारायला सोमल आणीत. त्याला रंग नाही, वास नाही. पोटात जास्त गेला तर माणूस दगावतो. पण कोणी न टाकताही हा सोमल जमिनीतल्या पाण्यात असू शकतो. तो कुठे आहे, हे शोधण्यात दीपंकर चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने तीस वर्षे घालवली. त्यांच्या कामाची हकिकत आम्ही येथे सांगत आहोत.

बंगालातले लोक पूर्वी तळ्याचे पाणी पीत. त्याने पटकी व्हायची, हगवण लागायची. लेकरं हकनाक जायची. म्हणून तिथे जागोजाग हातपंप बसवले गेले. पंपाचे पाणी कसे, काचेसारखे स्वच्छ! लोकांना बरं वाटलं. वाटणारच.

पुढे 1983 च्या सुमारास कोलकात्याचे डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यातले रोगी येऊ लागले. साहा कातडीच्या रोगांचे डॉक्टर. रोग्यांच्या छातीवर, पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे ठिपके होते. तळहात आणि तळपाय टणक झाले होते, त्यांवर गाठी आल्या होत्या. हा रोग पंपाच्या पाण्यातल्या सोमलाचा निघाला. गावात मात्र लोक म्हणत, ही रक्तपिती आहे. कोणी त्यांच्या हातचं खाईना. कित्येक बायकांना नवऱ्यांनी माहेरी धाडले. वास्तविक हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका घरात चौघांना झाला, तर चौघे एकाच पंपाचे पाणी पितात म्हणून होतो.

चक्रवर्ती जादवपूर विद्यापीठात होते. 1988 साली त्यांनी हे काम हाती घेतले. ते आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव हिंडले. पंपाचे पाणी बाटलीत भरून घेत. घरातल्या माणसांचे केस आणि नखेही मागून घेत. नखे कशाला? तर पोटात गेलेला सोमल थोडाथोडा केसांत आणि नखांत साठतो. माणसाने काल पाणी बदलले असले, तरी मागच्या काही महिन्यांत तो काय प्याला ते नख सांगते.

आता हा सोमल आला कुठून? हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षे गाळ वाहून आणला. त्या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो. सोमल त्या गंजाला चिकटून बसलेला असतो. खाली जमिनीत पालापाचोळा कुजतो. तिथे हवा पोचत नाही. अशा जागी बारीक जंतू तो गंज विरघळवतात, आणि सोमल सुटून पाण्यात येतो. गाळ सगळीकडे सारखा नसतो. म्हणून एका पंपाचे पाणी वाईट, तर शेजारच्या पंपाचे चांगले, असेही होते.

पाण्यात किती सोमल चालेल? दहा हजार लिटरचे दहा टँकर घ्या. त्या सगळ्या पाण्यात मिळून 1 ग्रॅम, यापेक्षा जास्त नसावा. इतका थोडा सोमल जिभेला कसा कळणार? पाणी गाळून तो जात नाही. उकळूनही जात नाही. उलट वाफ निघून जाते आणि मागे राहिलेल्या पाण्यात सोमलाचे प्रमाण वाढते. रोजचा थोडा थोडा सोमल दहा-वीस वर्षांनी बाहेर पडतो. काहींना कातडीचा, फुप्फुसाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग होतो. ठिपके दिसू लागताच पाणी बदलले, तर पुढचे पुष्कळ नुकसान टळते.

चक्रवर्तींनी बांगलादेशातही पाणी तपासले, बिहारातही तपासले. 1999 साली त्यांनी आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या मुलखात, कौडीकसा गावात सोमल दाखवून दिला. तिथे गंगेचा गाळ नाही. सोमल तिथल्या खडकातूनच येतो. तो विहिरींतही सापडला. 2018 साली चक्रवर्ती वारले, तोवर त्यांचे काम चालूच होते.

बांगलादेशात तपासलेल्या पंपांना रंग दिले. हिरव्या पंपाचे पाणी प्यायचे. लाल पंपाच्या पाण्याने कपडे धुवावे, भांडी घासावी. पण ते प्यायचे नाही, त्यात भातही शिजवायचा नाही. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही रंग कळत होता. पण हिरवा पंप लांब असला, तर पाण्याला जाणाऱ्या बाईची पायपीट वाढे.