सोन्याआधी बाटली तपासा

नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला उष्णता मानवत नाही. पाणी आणि ऑक्सिजन होऊन ते हळूहळू निघून जातं. इथल्या महाविद्यालयात हे मी फळ्यावर अनेकदा लिहिलं, पण त्याचा फटका सोन्याच्या सेन्सरवर काम करताना बसला.

दूध नासू नये म्हणून त्यात पेरॉक्साइड घालणं ही आपल्याकडे भेसळच आहे. ती ओळखणारा इलेक्ट्रोड आमच्या एका विद्यार्थिनीला करायचा होता. क्लोरोऑरिक आम्लाच्या द्रावणातून तिने कार्बनवर सोनं चढवलं. विभव पुरेसा ऋण ठेवला की सोन्याचे आयन पृष्ठभागाजवळ कमी पडतात, पुढे आलेल्या टोकांना ते आधी मिळतात, आणि नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटतात. सुरुवातीला प्रवाह सुरेख मिळाला, मग उतरतच गेला. सगळ्यांचा संशय सोन्यावर. थर खरवडून नवा चढवला, महागडं द्रावण संपत गेलं. अखेर मांडणीवर पातळ करून ठेवलेल्या पेरॉक्साइडचं परमँगनेटने टायट्रेशन केलं, तेव्हा कळलं: बाटलीतच काही उरलं नव्हतं.

म्हणून या कामाला लागणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पातळ द्रावण रोज सकाळी नवं करा, मूळ बाटली अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा आणि तिचं टायट्रेशन नियमित करा. धूळ आणि लोह-तांब्याचे अंश पेरॉक्साइड झपाट्याने फोडतात, तेव्हा नळाचं पाणी नकोच. सोन्यावर शंका असेल तर गंधकाम्लात चक्रीय व्होल्टामोग्राम घ्या. सोन्यावरच्या ऑक्साइडच्या क्षपणाचा प्रभार मोजून, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 390 मायक्रोकुलोंब धरून, खरं क्षेत्रफळ काढा. ते पहिल्याइतकंच असेल तर सोनं निर्दोष.

ऋण विभवावर मोजणार असाल तर द्रावणातून आधी नायट्रोजन सोडा. हवेतला ऑक्सिजनही तिथे प्रवाह देतो, आणि सोन्यावर त्याचं बरंचसं पेरॉक्साइडच तयार होतं. म्हणजे जे शोधायचं, तेच इलेक्ट्रोड स्वतः बनवतो! माझ्या मते ही सर्वांत फसवी गोष्ट.

दुधाकडे मात्र शेवटी वळा. कच्च्या दुधातलं कॅटॅलेज घातलेलं पेरॉक्साइड फोडत राहतं, त्यामुळे नमुना कधी घेतला आणि कधी मोजला, या दोन्ही वेळा वहीत लिहा.