पाठीमागून उगवणारा सूर्य : कोकणातली दीपगृहे, पहाट आणि फिल्टर

कोकण किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, समुद्रातून उगवत नाही. हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरीही पहाटे दीपगृह टिपायला निघालेल्यांच्या बॅगेत निम्मे फिल्टर समुद्रातून वर येणाऱ्या सूर्यासाठीच घेतलेले असतात. महाबलीपुरम किंवा विशाखापट्टणमला ते कामी येतात. तिथे कॅमेऱ्याचे तोंड पूर्वेला, थेट उजेडाकडे असते. क्षितिजालगतचे आकाश भगभगीत आणि पुढचा खडक काळा, ही दरी फिल्टरने बुजवावी लागते. कोकणात कॅमेरा पश्चिमेकडे वळलेला असतो. सूर्य पाठीशी, आणि तोही डोंगरामागून सावकाश वर येणारा. म्हणून फिल्टरचा हिशेब इथे नव्याने मांडावा लागतो.

अलिबाग तालुक्याच्या खाली, रेवदंड्याचा साळाव पूल ओलांडला की लागणारे कोर्लईचे दीपगृह हे याचे उत्तम उदाहरण. रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. दीपगृहामागचा, चौलच्या बंदरावर नजर ठेवणारा डोंगर १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून घेतला, वसईच्या मोहिमेनंतर तो मराठ्यांकडे आला, आणि पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती वस्ती अजूनही पोर्तुगीज-मराठी मिसळीची स्वतःची बोली बोलते. पहाटेच्या फोटोला एवढा इतिहास पुरे. फोटोच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती जागेची ठेवण. डोंगर लांबट आहे, पूर्वेला कुंडलिकेची खाडी, पश्चिमेला उघडा समुद्र, आणि दीपगृह आहे पश्चिमेच्या अंगाला. सूर्य क्षितिजावर आला तरी डोंगराची सावली दीपगृहावरून हलत नाही. ऊन तिथवर पोहोचायला चांगला तास-दीड तास जातो, हिवाळ्यात त्याहूनही जास्त.

दत्तजयंतीला लागून आलेल्या एका रविवारी तिथे गेलेल्या गटाचा बेत सोनेरी उन्हातल्या दीपगृहाचा होता. गावाकडच्या बाजूला खडकांवर काळोखातच ट्रायपॉड लागले, होल्डरवर काचा चढल्या आणि सगळे डोंगराच्या काळ्या पाठीकडे बघत बसले. पावणेसातच्या सुमारास कोणीतरी थर्मास घ्यायला वळले आणि सगळ्यांच्या माना फिरल्या. पश्चिमेला, पाण्यालगत, निळसर राखाडी पट्टा उभा होता आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. खालचा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. वरचा गुलाबी म्हणजे अजून न दिसणाऱ्या सूर्याचा परतून आलेला उजेड. दोहोंच्या सीमेवर पौर्णिमेचा चंद्र मावळत होता आणि दीपगृहाचा दिवा अजून चालू होता. मग होल्डर काढण्याची घाई झाली, कारण त्या क्षणी बॅगेतला जवळजवळ कोणताच फिल्टर उपयोगाचा नव्हता.

हा योग नशिबाचा वाटला, तरी तो पंचांगात आधीच छापलेला असतो. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो; म्हणून सूर्य पूर्वेला वर येताना चंद्र पश्चिमेला पाण्यात उतरतो. पौर्णिमेची आणि प्रतिपदेची पहाट यासाठी राखून ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो, त्यामुळे चंद्र आणि गुलाबी पट्ट्याचा मध्य पश्चिमेच्या उत्तरेला, साधारण २५ अंशांवर सापडतो. मार्चच्या सुमारास तो थेट पश्चिमेला येतो. दीपगृहाच्या दक्षिणेला उभे राहायचे की उत्तरेला, हे महिना पाहून ठरते.

हीच तिथी पाण्याचाही अंदाज देते. किनाऱ्यावर चालणारा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडे मागेपुढे होते, आणि सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचे दिवस असूनही सूर्योदयाला पाणी दूर गेलेले असते आणि ओले खडक उघडे पडतात. अष्टमीला सूर्योदयाच्या वेळी भरती, पण ती भांगाची, मवाळ. खडकावर उतरणाऱ्याने परतीची वाट पाणी चढण्याआधी हेरावी. शेवाळावर घसरून फुटलेले गुडघे कोणत्याही ‘खऱ्या’ ट्रेकरला चुकलेले नाहीत. पावसाळ्यात हा खेळ करू नये.

आता एकेक फिल्टर.

एनडी, म्हणजे उजेड अडवणारी काच, पहाटे सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत कमी लागते. सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी एफ ८ आणि आयएसओ १०० वर शटर आपसूकच काही सेकंदांवर येते. लाटा तेवढ्याने मऊ होतात. इथे एनडी लावला तर दिवा हरवतो. दीपगृहाचा झोत कॅमेऱ्याकडे क्षणभरच वळतो. काच त्या क्षणाचा उजेड कापते, आणि वाढवलेल्या वेळात आकाशाचा उजेड मात्र साठत राहतो. फोटोत दिवा विझल्यासारखा दिसतो. दिवा हवा असेल तर काच काढावी, घड्याळ लावून दोन चमकांमधले अंतर मोजावे आणि शटर त्याहून थोडे जास्त उघडे ठेवावे. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची लय वेगळी असते. ती ओळखूनच तर खलाशी किनारा ओळखतात. चंद्र चौकटीत असेल तर नियम उलटा : चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, म्हणून लांब लेन्सवर शटर सेकंदाच्या आत हवे. दिवा आणि चंद्र दोन्ही हवे असतील, तर रुंद लेन्स लावावी किंवा दोन वेगळी एक्स्पोजर घेऊन नंतर जोडावीत.

एनडीची खरी वेळ सूर्योदयानंतर येते. डोंगराच्या सावलीत एफ ११ वर शटर १/१५ सेकंदाच्या आसपास येते. सहा स्टॉपच्या काचेने ते सुमारे ४ सेकंद होते आणि खडकावरून ओसरणाऱ्या पाण्याच्या रेघा नीट उमटतात. दहा स्टॉपने तेच मिनिटाच्या पलीकडे जाते. मग समुद्र धुक्याचा होतो आणि मच्छीमारांच्या होड्या पुसल्या जातात. हे फॅशनेबल आहे, पण कोकणाचा समुद्र असा दिसत नाही. काळ्या बेसॉल्टवर फुटणाऱ्या लाटेला आकार असतो. तो अर्ध्या ते दोन सेकंदांत टिकतो. शिवाय याच वेळी सावलीच्या पलीकडे गेलेल्या होड्यांवर पहिले ऊन पडते आणि दीपगृह मात्र निळ्या सावलीत राहते. ती होडी पुसून टाकणारी काच कशाला लावायची?

ग्रॅड, म्हणजे वरून गडद आणि खाली पारदर्शक होत जाणारी काच, दीपगृहाशी जमवून घेत नाही. क्षितिज सपाट असते. बुरूज त्याला छेदून वर जातो. कडक सीमेची काच लावली की पांढऱ्या बुरुजाचा वरचा अर्धा भाग मळकट होतो. क्षितिजाशी सर्वांत गडद असणारी रिव्हर्स ग्रॅड तर फक्त सूर्याकडे तोंड असताना लागते. कोकणच्या पहाटेसाठी ती घरी ठेवावी. पश्चिमेच्या आकाशात आणि पाण्यात फरक स्टॉप-दोन स्टॉपचाच असतो. दोन स्टॉपची मऊ सीमेची काच पुरते, आणि चंद्र असेल तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते. काच नसली तर कमीजास्त उजेडाची तीन एक्स्पोजर घ्यावीत.

पोलरायझर सर्वांत जास्त परिणाम दाखवतो तो सूर्याशी काटकोनात. सूर्य पाठीशी असताना समोरच्या आकाशावर तो जवळजवळ निष्प्रभ असतो, आणि वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. रुंद लेन्सवर आकाशाचा एक कोपरा गडद आणि दुसरा फिका, असा डागही पाडतो. त्याचे काम खाली आहे : ओल्या खडकावरची आणि उथळ पाण्यावरची चमक काढणे. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या तिरप्या नजरेने तो फिरवून पाहावा, खडकाचा रंग एकदम उघडतो. पण गुलाबी आकाश पाण्यात उतरले असेल तर हाच फिल्टर ते प्रतिबिंब खाऊन टाकतो.

लेन्सवर कायम बसवलेली संरक्षक काच पेटत्या दिव्यासमोर काढावी; तिच्यावरून परतलेला उजेड चौकटीत दुसराच दिवा उमटवतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा गुलाबी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो, म्हणून तो डेलाइटवर बांधावा आणि रॉमध्ये टिपावे. स्वस्त एनडी जांभळट छटा देतात. ती नंतर काढता येते, पण आधीच नाजूक असलेल्या गुलाबीसकट.

उन्हाला आडकाठी नको असेल तर दुसरी दीपगृहे आहेत. देवगडचे दीपगृह किल्ल्याच्या उंचवट्यावर आहे. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी दिसते : शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला जलदुर्ग, त्यावर १८६७ चे दीपगृह, आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथे ३०० मिमीची लेन्स लागते, फिल्टर बहुधा लागतच नाही. सपाट वाळूवर सूर्य पाठीशी असताना स्वतःची आणि ट्रायपॉडची लांबलचक सावली चौकटीत शिरते, तेवढे पाहावे.

दीपगृहाच्या आवारात पर्यटकांना साधारणपणे दुपारनंतर सोडतात; पहाटे फाटक बंद असते आणि ते ओलांडू नये. कोर्लईचा शेवटचा रस्ता कोळीवाड्यातून अगदी दारांना खेटून जातो. पहाटे पाचला गाडीत गाणी लावून येणाऱ्यांनी काशीदच्या किनाऱ्यावरच थांबावे, तिथे गर्दी आणि वेफर्सची पाकिटे दोन्ही मुबलक आहेत. गाडी गावाबाहेर ठेवून चालत जाता येते. तेवढे चालायचे नसेल तर स्वतःला भटके म्हणवण्यात अर्थ नाही.

एसी गाडीतून थेट दमट हवेत काढलेल्या काचेवर बाष्प धरते. बॅग उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवावी. तुषारांचा थेंब कोरड्या फडक्याने पुसू नये, त्यातले मीठ आणि वाळू काचेवर चरे पाडतात. आधी ब्लोअर, मग साध्या पाण्याने ओलावलेले मायक्रोफायबर. घरी आल्यावर चौकोनी काचा आणि होल्डर गोड्या पाण्याने धुवावेत, ट्रायपॉडचे पाय सांध्यांपर्यंत उघडून धुवावेत आणि सावलीत वाळवावेत.