जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा का? खिशात हात घालण्याआधी हा हिशोब करा



व्हिडिओत सांगितलेला हिशोब इथे लिहून देतोय, म्हणजे दुकानात जाताना सोबत राहील.

आधी माझीच फजिती सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला माझ्याकडे दुसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर होता. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागायची. एक जण म्हणाला, "प्रोसेसर बदला, पळायला लागेल." मी वापरलेला आय-फाइव्ह बसवला. पैसे गेले आणि सुरू व्हायला पुन्हा तीच पाच मिनिटं! अडचण प्रोसेसरची नव्हतीच, जुनी हार्ड डिस्क धापा टाकत होती. एसएसडी बसवली तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

म्हणून पहिला नियम: रोग कळल्याशिवाय औषध नको.

पायरी १: कॉम्प्युटर नक्की कशामुळे अडतोय?

रोजचं काम चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' पाहा.

• डिस्क १०० टक्के आणि सीपीयू निवांत असेल, तर एसएसडी घ्या.
• मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवा.
• सीपीयू सतत १०० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी दोन्ही निवांत असतील, तरच प्रोसेसरचा विचार करा. त्याआधी धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदला. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो.

बिलिंग, टायपिंग, ईमेल यात प्रोसेसर सहसा अडत नाही. व्हिडिओ एडिटिंगमध्ये अडू शकतो.

पायरी २: तुमच्या बोर्डावर काय बसतं?

इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं सॉकेट ११५५, चौथ्या पिढीचं ११५०, सहाव्या-सातव्या पिढीचं ११५१. पण नुसता नंबर जुळून भागत नाही. आठव्या पिढीचं सॉकेटही ११५१च म्हणतात, तरी तो प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. त्यामुळे बोर्डाचं मॉडेल लिहून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर कोणते प्रोसेसर चालतात ती यादी पाहा. बायोस अपडेट लागणार का, तेही तिथेच कळतं.

यादीत काहीच कामाचं नसेल तर नवा बोर्ड आला, बहुतेक वेळा नवी रॅमही आली. मग तो अपग्रेड राहत नाही, अर्धा नवा कॉम्प्युटर होतो!

पायरी ३: पैसे किती दिवसांत वसूल?

समजा, वापरलेला प्रोसेसर आणि मजुरी मिळून ३,५०० रुपये. रोज २० मिनिटं वाचली, महिन्याचे २५ दिवस काम, म्हणजे ५०० मिनिटं. साधारण सव्वाआठ तास. तुमच्या तासाची कमाई १०० रुपये धरली तर महिन्याला सुमारे ८३० रुपये. वसुलीला चार महिन्यांहून थोडं जास्त.

पण एक लक्षात ठेवा. वाचलेल्या वेळात जास्तीचं काम मिळत असेल तरच हा फायदा खरा. गिऱ्हाईकच नसेल तर वाचलेल्या २० मिनिटांचे पैसे कोण देणार?

माझा नियम सोपा आहे: सहा महिन्यांत वसूल होत नसेल तर थांबा.

पायरी ४: मशीनचं आयुष्य किती उरलंय?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. म्हणजे तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन बसवला तरी ती अडचण तशीच राहते. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचं काम करत असाल, तर सुरक्षेशी तडजोड करू नका.

वर्षभरात मशीन बदलावंच लागणार असेल, तर ते ३,५०० रुपये नव्या मशीनसाठी बाजूला ठेवा. एसएसडी उद्या नव्या कॉम्प्युटरमध्ये लावता येईल. प्रोसेसर मात्र जुन्या बोर्डासोबतच अडकून पडतो.

आजचा गृहपाठ: तीन दिवस, काम जोरात असताना टास्क मॅनेजर पाहा आणि तिन्ही आकडे वहीत लिहा. दुकानदाराला "काय बदलू?" असं विचारू नका. "मला हे हवंय, किती घेणार?" असं विचारा.

भांडवल तुमचं आहे, निर्णयही तुमचाच असू द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!