मनगटावरील दोन मापनयंत्रे : क्रीडाघड्याळ आणि स्मार्टवॉच

घड्याळाचे मूळ कार्य वेळ दाखविणे हे होय. आज मात्र मनगटावर बांधल्या जाणाऱ्या कित्येक घड्याळांच्या बाबतीत हे कार्य दुय्यम ठरले आहे. ही घड्याळे नाडीचे ठोके मोजतात, धावलेले अंतर सांगतात, झोपेची नोंद ठेवतात आणि दूरध्वनीवर आलेला संदेशही वाचून दाखवितात. अशा घड्याळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील घड्याळे प्रामुख्याने धावणे, पोहणे, सायकल चालविणे इत्यादी व्यायामांच्या मापनासाठी बनविलेली असतात. त्यांना येथे क्रीडाघड्याळे म्हटले आहे. दुसऱ्या वर्गातील सर्वोपयोगी घड्याळे स्मार्टवॉच या नावाने ओळखली जातात. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात. दुकानातील फलकावर दोहोंचे गुणही जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेले असतात. असे असूनही त्यांच्या रचनेमागील हेतू भिन्न आहेत. हा भेद कशातून उत्पन्न होतो आणि या घड्याळांनी दाखविलेल्या आकड्यांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

दोन भिन्न परंपरा

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमधील सैको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्यातील स्फटिक सेकंदास ८,१९२ वेळा कंप पावत असे. आज प्रचलित असलेल्या घड्याळांतील स्फटिक सामान्यतः सेकंदास ३२,७६८ कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली असता बरोबर एक उरतो आणि अशा रीतीने सेकंदाचे माप मिळते. घड्याळात विजेचे मंडल शिरल्यामुळे त्यात इतर मापनयंत्रे बसविण्याचाही मार्ग मोकळा झाला.

क्रीडाघड्याळाची परंपरा प्रयोगशाळेतून आणि मैदानातून आली. फिनलंडमधील पोलार या कंपनीने १९८२ साली छातीवरील पट्ट्याने हृदयाचे ठोके टिपून ते बिनतारी मार्गाने मनगटावर पोहोचविणारे उपकरण तयार केले. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली. त्यानंतर २००३ साली गार्मिन कंपनीची ‘फोररनर’ ही उपग्रहाधारित धावघड्याळे बाजारात आली.

स्मार्टवॉचचा वंश वेगळा आहे. ते खिशातील मोबाइल दूरध्वनीचे धाकटे भावंड होय. एप्रिल २०१५ मध्ये विक्रीस आलेले ॲपल वॉच हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. संदेश पाहणे, संभाषण करणे, पैसे देणे, नकाशा पाहणे ही दूरध्वनीची कामे मनगटावर आणावीत, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. व्यायामाचे मापन हे त्याच्या अनेक कामांपैकी एक.

शक्तीचा हिशेब

दोन्ही वर्गांतील भेदाचे मूळ शोधू गेल्यास ते घड्याळाच्या पोटातील बॅटरीत सापडते. मनगटावर जागा थोडी असल्याने बॅटरी लहानच ठेवावी लागते. तिच्यात स्थूलमानाने एक वॉट-तास इतकी ऊर्जा मावते असे धरू; म्हणजे एक वॉटचा लहानसा दिवा ती केवळ एक तास लावू शकेल. ही शिल्लक कोणत्या कामी आणि किती वेगाने खर्चावी, या प्रश्नाला दोन्ही वर्गांच्या अभियंत्यांनी निरनिराळी उत्तरे दिली.

२०२२ साली बाजारात आलेल्या दोन घड्याळांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. ॲपल वॉच सीरिज ८ एका भारणात १८ तास चालेल, असे तिच्या निर्मात्यांनी सांगितले होते. त्यात एका तासाचा व्यायाम गृहीत धरलेला होता. त्याच वर्षीच्या गार्मिन फोररनर २५५ या घड्याळासाठी नेहमीच्या वापरात १४ दिवसांपर्यंत, तर जीपीएस सतत चालू ठेवल्यास ३० तासांपर्यंत, असे आकडे देण्यात आले होते. एक वॉट-तास ऊर्जा १८ तासांत संपली, तर सरासरी खर्च सुमारे ५६ मिलिवॉट पडतो. तीच ऊर्जा १४ दिवस पुरवावयाची, तर दर क्षणी केवळ ३ मिलिवॉट खर्चून चालते. प्रत्यक्ष बॅटऱ्या अगदी समान नसल्या, तरी खर्चाच्या दोन रीतींतील अंतर यावरून ध्यानात येते. एक गृहस्थ महिन्याचे वेतन दोन दिवसांत खर्च करतो आणि दुसरा ते महिनाभर पुरवितो, तसाच हा प्रकार आहे.

हा खर्च होतो तरी कोठे? स्मार्टवॉचचा पडदा स्वयंप्रकाशी असतो. चित्र रंगीत व तेजस्वी दिसते. परंतु प्रत्येक प्रकाशबिंदूला वीज पुरवावी लागते. फोररनर २५५ चा पडदा परावर्तक जातीचा आहे. तो सूर्यप्रकाशच परत फेकून आकडे दाखवितो, आणि आकडा बदलेपर्यंत त्याला फारच थोडी वीज लागते. त्यामुळे भर उन्हात तो अधिक स्पष्ट दिसतो. घरातील मंद उजेडात मात्र निस्तेज भासतो. शिवाय स्मार्टवॉचमध्ये अनेक ॲप्स चालविणारा शक्तिमान संगणक असतो, तर क्रीडाघड्याळातील संगणक मोजक्याच कामांसाठी बेतलेला असतो.

बटणांतही हाच हेतुभेद दिसतो. फोररनर २५५ ला पाच बटणे आहेत व त्याचा पडदा स्पर्शाने चालत नाही. घामाने ओली झालेली बोटे, पावसाचे थेंब किंवा हातमोजे यांच्यामुळे स्पर्शपटाचा घोटाळा होतो. दाबावयाच्या बटणाचा होत नाही. उलटपक्षी, संदेशाला उत्तर लिहिणे किंवा नकाशा सरकविणे स्पर्शपटावर कितीतरी सुलभ असते.

पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्या धावपटूला हा भेद कदाचित जाणवणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स ही शर्यत मात्र सुमारे ९० किलोमीटरची असून ती पुरी करण्यास १२ तासांची मुदत असते. तेथे बॅटरीचा हिशेब हाच घड्याळाचा पहिला गुण ठरतो.

अंतराचे मापन

जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा व वेळ सतत प्रक्षेपित करतो. संदेश येण्यास किती काळ लागला यावरून घड्याळ अंतर काढते आणि किमान चार उपग्रहांच्या साह्याने आपले स्थान ठरविते. रेडिओलहरी एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात सुमारे ३०० मीटर जातात. तेव्हा कालगणनेतील अल्पशी चूकही स्थानात मोठी चूक उत्पन्न करते.

उंच इमारतींच्या रस्त्यात आणखी एक अडचण येते. संदेश थेट न येता भिंतीवर आपटून येतो आणि घड्याळाला मार्ग वास्तवाहून लांब वाटतो. धावपटू रस्त्याच्या मध्यावरून गेला असताही नकाशावरील रेषा घरांतून गेलेली दिसते, त्याचे कारण हेच. नेहमीच्या एल-१ या संदेशातील सांकेतिक खुणेची लांबी सुमारे २९३ मीटर असते. नव्या एल-५ या संदेशातील खूण तिच्या दशांश लांबीची असते. त्यामुळे मूळ संदेश व त्याचा प्रतिध्वनी वेगळे ओळखणे सोपे जाते. फोररनर २५५ हे घड्याळ दोन्ही संदेश ऐकू शकते. परंतु तसे केल्यास त्याचे ३० तास १६ वर येतात. अचूकपणाची किंमतही शेवटी बॅटरीतूनच चुकवावी लागते.

भारताच्या ‘नाविक’ या उपग्रहमालेतही याच प्रश्नाची दखल घेतली गेली. तिच्या आरंभीच्या उपग्रहांवर एल-१ संदेशाची सोय नव्हती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर ती करण्यात आली. अल्प शक्तीवर चालणाऱ्या लहान उपकरणांना, म्हणजेच मनगटी घड्याळांसारख्या साधनांनाही, नाविकचा उपयोग करता यावा हा त्यामागील एक हेतू होता.

नाडीचे मापन

दोन्ही प्रकारच्या घड्याळांच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्त किंचित वाढते व परत येणारा प्रकाश तितकाच घटतो. या चढउतारांची गणती म्हणजेच नाडीची गणती. हे तत्त्व नवे नाही. १९३० नंतरच्या दशकातच अमेरिकन शास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी ते अभ्यासिले होते.

स्वस्थ बसलेल्या मनुष्याची नाडी या रीतीने चांगली मोजता येते. धावताना मात्र हात हलतो, घड्याळ सरकते आणि त्वचेखालील रक्तही हेलकावते. धावपटू मिनिटास १७० पावले टाकीत असेल आणि त्याचे हृदय १५० ठोके देत असेल, तर घड्याळ कधीकधी पावलांचीच गणती करून १७० हा आकडा ‘नाडी’ म्हणून दाखविते. सैल पट्टा, थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या किंवा मनगटावरील गोंदण यांमुळेही चूक होते. हा दोष दोन्ही वर्गांत संभवतो. छातीवरील पट्टा हृदयाची विद्युत्‌स्पंदने थेट टिपत असल्याने वेगाने बदलणाऱ्या व्यायामात तो अधिक विश्वसनीय ठरतो, आणि तो वरील दोन्ही घड्याळांना जोडता येतो.

आरोग्य आणि भ्रम

आरोग्याच्या काही बाबतींत सर्वोपयोगी घड्याळ सरस ठरते. सीरिज ८ मध्ये एका मार्गिकेचा हृद्‌विद्युत्‌आलेख, म्हणजे ईसीजी, काढण्याची सोय आहे. फोररनर २५५ मध्ये ती नाही. मनुष्य जोरात पडल्यास ते ओळखून मदत मागविण्याची व्यवस्थाही त्यात आहे. दूरध्वनी जवळ नसताही संभाषण करू शकणारे त्याचे रूप एकट्या राहणाऱ्या वृद्धांना उपयुक्त ठरू शकते.

तथापि येथेच मोठ्या सावधगिरीची आवश्यकता आहे. एका मार्गिकेच्या आलेखावरून अलिंदांच्या अनियमित स्पंदनाची शंका घेता येते. हृदयविकाराचा झटका त्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी रुग्णालयात बारा मार्गिकांचा आलेख व रक्ततपासणी करावी लागते. छातीत कळ येत असता ‘घड्याळात सर्व ठीक दिसते’ असे म्हणून थांबणे प्राणावर बेतू शकते. अशा वेळी घड्याळाकडे न पाहता ११२ या क्रमांकावर मदत मागवावी किंवा रुग्णालय गाठावे, हेच योग्य होय.

क्रीडाघड्याळाचा भ्रम निराळ्या स्वरूपाचा असतो. ते ‘कमाल प्राणवायुग्रहण’, ‘विश्रांतीचे तास’ यांसारखे अनेक आकडे देते. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचा अभ्यास ए. व्ही. हिल व त्यांचे सहकारी यांनी १९२३ च्या सुमारास केला. त्याचे खरे मापन तोंडावर मुखवटा बांधून व श्वासातील वायूंचे पृथक्करण करून होते. घड्याळ केवळ वेग व नाडी यांवरून त्याचा अंदाज बांधते. त्या अंदाजात बहुधा कमाल नाडीचा आकडा गृहीत धरलेला असतो आणि तो पुष्कळदा २२० वजा वय या ठोकताळ्याने काढतात. चाळीस वर्षांच्या व्यक्तीस त्याने १८० हा आकडा मिळतो. प्रत्यक्षात एखाद्याची कमाल नाडी १६८ तर दुसऱ्याची १९२ असू शकते. पायाच चुकला की त्यावरील मजलेही चुकतात. उन्हाळ्यात त्याच वेगाला नाडी अधिक पडते. उष्म्याचा हिशेब न धरणारे घड्याळ त्यावरून शरीराची क्षमता घटली, असा निष्कर्ष काढून मोकळे होते.

निवड कशी करावी

दोन्ही वर्ग आता एकमेकांच्या जवळ येत आहेत. २०२२ सालच्याच ॲपल वॉच अल्ट्राने ३६ तासांची मजल गाठली व दोन्ही उपग्रहसंदेशांचा स्वीकार केला, तर २०२३ सालच्या फोररनर २६५ ने स्वयंप्रकाशी पडदा व स्पर्शपट पत्करला. असे असले, तरी बॅटरी मर्यादित असेपर्यंत निवडीचा प्रश्न शिल्लक राहणारच. दीर्घ पल्ल्याचे धावणे, डोंगरातील भटकंती किंवा वीज न मिळणाऱ्या ठिकाणचा मुक्काम ज्याला करावयाचा आहे, त्याला क्रीडाघड्याळ अधिक सोयीचे. ज्याचा व्यायाम रोज तासाभराचा आहे आणि ज्याला संभाषण, संदेश व ईसीजी यांची गरज आहे, त्याला स्मार्टवॉच अधिक उपयोगी. सीरिज ८ केवळ आयफोनबरोबरच चालते, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला केवळ चालण्याचा व्यायाम करावयाचा आहे, त्याला यांपैकी एकाचीही गरज नाही. साधे घड्याळ आणि स्वतःची दोन बोटे पुरेशी आहेत.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

१. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंदांत पडणारे ठोके मोजावेत व त्यांची दुप्पट करावी. उपलब्ध असल्यास घड्याळातील आकडा त्याच वेळी सोबत्याने टिपावा. दोन मिनिटे जागच्या जागी धावून लगेच हेच पुन्हा करावे. फरक केव्हा अधिक पडतो ते पाहावे.

२. ४०० मीटरच्या प्रमाणित धावमार्गाच्या सर्वांत आतील पट्ट्यातून पाच फेऱ्या माराव्यात. हे अंतर २,००० मीटर होते. घड्याळाने दाखविलेले अंतर शेजारी लिहून चूक शेकड्यात काढावी.

३. तोच प्रयोग उंच इमारतींच्या रस्त्यात, अंतराच्या खुणा आधी टेपने मोजून, करावा व दोन्ही चुकांची तुलना करावी.

या प्रयोगांतून एक गोष्ट हाती येईल. आकडा पडद्यावर स्पष्ट उमटला म्हणजे तो अचूक झाला, असे नव्हे. तो कसा मिळाला, कोणत्या गृहीतावर उभा आहे आणि त्यात किती चूक संभवते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती कोणतेही मापनयंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते.