सुतारशाळेतील धूळ आणि कायद्याचे माप

आमचा जोयडा तालुका रानाचा. साग, शिसव, ऐन ही झाडे आपल्या सर्वांच्या ओळखीची, आणि शेजारी दांडेलीस सरकारी लाकडाचा डेपो. तेव्हा सुताराच्या पडवीतील भुसा ही आपल्यास नवलाची वस्तू नव्हे. तो कोणास किती बाधतो व कायदा त्याची किती दखल घेतो, हे येथे पाहू.

वाकसाच्या ढलप्या व रंध्याचा कीस पायाशीच पडतो. त्याचे भय नाही. करवतीचा जाड भुसाही लवकर खाली बसतो. परंतु विजेच्या सँडरने फळी घासताना जी पिठी उडते, तिचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात व श्वासावाटे आत जातात. साग-शिसवीच्या पिठीने कित्येकांच्या अंगास खाज सुटते, नाक गळते. काहींना दमा जडतो.

इंग्लंडात हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. १९६० नंतरच्या दशकात तेथील नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांना आढळले की नाकाच्या एका अतिशय विरळ कर्करोगाचे रोगी बहुतेक लाकूडकाम करणारेच आहेत. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली. वाचकांनी घाबरू नये. सुतारांतही हा रोग विरळाच. दमा मात्र विरळ नव्हे.

आता नियम. कठीण लाकडाच्या धुळीस युरोपात २०२३ पासून घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात साध्या उपद्रवी धुळीचीच १५ मिलिग्रॅमची मर्यादा लावतात. फुप्फुस तर दोन्हीकडे सारखेच! आपल्याकडील १९४८ च्या कारखाना कायद्याचे १४ वे कलम चांगले होते: धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती ओढून घ्यावी. पण कारखाना ठरण्यास विजेवर १० व विजेवाचून २० कामगार लागत. २०२० च्या संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, हे आकडे २० व ४० केले. बापलेक व एक उमेदवार अशी आपली सुतारशाळा सहसा कशातच बसत नाही. उलट मोठ्या गिरणीत धूळ ओढणारा पंखा तरी असतो. पडवीत तोही नसतो. म्हणजे डोकी मोजली जातात, धूळ मोजली जात नाही, असे आम्हांस वाटते.

शिवाय सायंकाळी पडवी झाडते कोण? घरातील सासू किंवा सून. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, आणि कोरड्या केरसुणीने बसलेली पिठी पुन्हा उठते. पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचा भुसा उडवू नये. तोंडास बांधलेला पंचा बारीक कण अडवीत नाही. एन-९५ जातीचा मुखपट्टा, चेहऱ्यास घट्ट बसणारा, अडवितो. कामाचे कपडे घरात आणून झटकू नयेत. ते बाहेरच बादलीत भिजत घालावेत.