खेळ दोरीशी, हाताशी नाही

बेटा,

पिल्लू आणलंस ते चांगलं केलंस. माझं आयुष्य मळ्यावर गेलं. दर आखाजीला सालदार बदलले, पण खळ्यावरचं कुत्रं कधी बदललं नाही. ते तिथेच वाढलं आणि तिथेच म्हातारं झालं. तेव्हा पोरांना त्याच्यापासून लांब ठेव, असं मी काही सांगणार नाही. लोळू दे त्यांना, पळू दे, झोंबू दे. खेळात ओरखडे उठायचेच. फक्त काही गोष्टी पिल्लू लहान आहे तोवरच अंगवळणी पाडाव्या लागतात. वर्षभराने तेच पंधरा-वीस किलोचं होईल, आणि आज ज्याचं कौतुक वाटतं त्यानेच मनगट फाटेल.

सगळ्यांत आधी हे ध्यानात घे, की हात हे खेळणं नाही. आपल्याकडे पिल्लू दिसलं की माणूस बोटं नाचवतो, ते बोटावर झडप घालतं आणि सगळे हसतात. तिथेच सवय लागते. पिल्लाला हात नसतात, जग ओळखायचं ते तोंडाने. त्याचे दुधाचे दात अठ्ठावीस, आणि टोकदार इतके की नुसते टेकले तरी रक्त येतं. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या इतक्या शिवशिवतात की त्याला काहीतरी चघळायला लागतंच. घरातलं जुनं सुती धोतर किंवा लुगडं फाडून त्याची जाड वेणी घाल, दोन्ही टोकांना गाठी मार, ओली करून फ्रीजमध्ये ठेव आणि गार झाली की दे. तास-तास गुंतून राहील. पण चपला, पायमोजे, पोरांचे जुने टॉवेल देऊ नकोस. जुनी चप्पल आणि नवी चप्पल यातला फरक त्याला कळत नाही.

तुझं पिल्लू जरा लवकरच आईपासून सुटलेलं दिसतं. दिवाळीनंतर गल्लोगल्ली पिल्लं होतात आणि डोळे उघडून चालायला लागली की लोक उचलून आणतात. निदान आठ आठवडे तरी ते आईजवळ राहायला हवं. पिल्लं एकमेकांशी झोंबतात, एकाने जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावणाऱ्याला त्यातून कळतं, की इतका जोर लावला तर खेळ संपतो. दाताचा जोर आवरायचं हे शिक्षण भावंडांत होतं. तुझ्याकडच्याला ते अर्धवटच मिळालं असेल, म्हणून ते आता तुम्हाला द्यायचं आहे.

कसं, ते सांगतो. दात कातडीला लागले, दुखो वा न दुखो, की ‘आं’ म्हणून थांबायचं. हात झटकायचा नाही. झटकलेला हात म्हणजे त्याला पळणारी शिकार, आणि दात अडकलेले असताना झटकलं की भोकाची चीर होते. हात सैल सोडायचा, त्याने सोडलं की हाताची घडी घालून तोंड फिरवायचं, बोलायचं नाही, बघायचं नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळ, पण या वेळी दोरीने. थोबाडीत मारणं, तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी हे सगळं बंद. मार खाल्लेलं कुत्रं हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रं जास्त जोरात चावतं. हे घरात सगळ्यांनी सारखं पाळलं तरच उपयोग. तू दोरी देणार आणि तुझा मेहुणा येऊन बोटं नाचवणार, तर पिल्लू काही शिकायचं नाही. पाहुण्यालाही सांग, लाजू नकोस.

दोरी ओढाओढीचा खेळ खुशाल खेळा, त्याने कुत्रं बिघडतं हा समज आहे. पण दोरी बोटांना किंवा मनगटाला गुंडाळायची नाही. कुत्र्याने हिसका दिला की बोट मुरगळतं, कधी मोडतंही. फिरायला नेतानाच्या पट्ट्यालाही तेच लागू. ‘सोड’ म्हटलं की सोडायला शिकव: एका हातात भाकरीचा तुकडा, तो नाकाजवळ न्यायचा, त्याने दोरी टाकली की तुकडा द्यायचा आणि लगेच दोरीही परत द्यायची. सोडलं तरी वस्तू परत मिळते हे कळलेलं कुत्रं पुढे सहसा चेंडूवरून गुरगुरत नाही.

परवा तुझ्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा पोरांचा खेळ पाहिला. एरंडोलच्या पोरांना पांडववाडा दाखवून, हीच एकचक्रनगरी म्हणून भीम-बकासुराची गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच. त्यात थोरला झाला भीम आणि पिल्लू बकासुर. पिल्लू त्याच्या बाहीला लटकलं, धाकटी किंचाळत भोवती पळाली, त्या किंचाळण्याने पिल्लाला आणखी चेव चढला, आणि थोरल्याने हात ओढला. मनगटावर लाल रेघ आणि तिच्या शेवटाला दोन बारीक टिपके. त्याने काय केलं पाहिलंस? बाही खाली ओढली आणि पुन्हा खेळायला लागला. मी ‘काय व्हयनं रे?’ म्हणून विचारलं तर म्हणतो, काही नाही आप्पा.

मला त्या रेघेपेक्षा त्या बाहीची काळजी वाटते. पोरगं लपवतं, कारण त्याला वाटतं आपल्याला ओरडा बसेल, किंवा पिल्लाला मळ्यावर सोडून देतील, किंवा इंजेक्शन टोचतील. तेव्हा आजच दोघांना जवळ बसवून सांग: दात लागला, नख लागलं, लगेच सांगायचं, कोणी रागावणार नाही आणि पिल्लू कुठेही जाणार नाही. आणि हा शब्द पाळ. एकदा जरी ‘कोणी सांगितलं होतं खोडी काढायला?’ म्हणालास, तर पुढची जखम तुला दिसायची नाही.

आता जखम झाली तर काय करायचं. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस. नळाखाली धर, साबण लाव आणि पंधरा मिनिटं धुऊन काढ. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पाण्याची पाळी नसेल तर तांब्याने ओतत राहा. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि काही वेळ जखमेतच असतो; साबणाने तो मरतो, वाहत्या पाण्याने निघून जातो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लाव. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडकं दाबून धर. मिरची पूड, हळद, चुना, तंबाखू, तेल यांतलं काहीही जखमेवर घालू द्यायचं नाही, मग सांगणारं माणूस कितीही वडीलधारं असो. त्याने जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. पट्टी घट्ट बांधायची नाही, आणि टाके घालायचे की नाही हे डॉक्टरांवर सोड. अशी जखम ते शक्यतो लगेच शिवत नाहीत.

मग दवाखाना. अंग चाटलं आणि कातडी धड असेल तर धुतलं की झालं. रक्त न येता ओरखडा उठला, कातडी नुसती चावली गेली, तर लस. रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीला, ओठाला, डोळ्याला लाळ लागली, तर लस आणि शिवाय जखमेतच टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दंडाच्या कातडीत देतात, पहिला दिवस धरला शून्य तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी. मधला डोस चुकवायचा नाही, अगदी लग्न असलं तरी. इम्युनोग्लोब्युलिन आपल्या ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी नसेल तर जळगाव लांब नाही, त्याच दिवशी गाडी काढ.

‘आपलंच कुत्रं आहे, त्याला लस दिलीय’ म्हणून घरी बसू नकोस. डॉक्टरांना ते सांग, लसीचं कार्ड दाखव, निर्णय त्यांना करू दे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. त्या दिवसांत ते खातं-पितं, ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात आणि डॉक्टर पुढचं ठरवतात. पण पाहू दहा दिवस आणि मग टोचू, असं करायचं नाही. टोचायला आधी सुरुवात, नजर त्याच्या जोडीने. हा रोग अंगात बहुधा एक ते तीन महिने गुपचूप असतो, कधी वर्षभरही, आणि लक्षणं दिसली की त्यावर जवळजवळ इलाज नाही.

आमच्या पिढीच्या मनात पोटात चौदा इंजेक्शनांची भीती इतकी बसली होती की लोक कुत्रं चावल्याचं घरातही सांगत नसत. 1885 मध्ये पॅरिसला लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस टोचली. आपल्या देशात 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, पुढे परळच्या हाफकिनमध्येही लस होऊ लागली. पण ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली, त्रासाची लस होती, आणि 2004-05 मध्ये ती देशात बंद झाली. आताची दंडातली आहे, मुंगी चावल्याइतकी. तुझ्या आईच्या मनात अजून ते चौदाचं भूत असेल, तिला हे समजावून सांग.

तुझ्या आईला साखरही आहे. दाताने पडलेलं भोक वरून बारीक दिसतं आणि आत खोल जातं, विशेषतः हातावर, जिथे कातडीखाली लगेच शिरा आणि सांधे आहेत. चोवीस तासांत सूज, ठणका, लाली वर चढली तर रेबीजची लस घेतली असली तरी परत डॉक्टरकडे जायचं. तो जंतुसंसर्ग वेगळा, त्याला औषध वेगळं. साखर असलेल्याने तर भोक दिसलं की थांबूच नये. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही घरात सगळ्यांचं लिहून ठेव.

चावा सोडून बाकीची दुखणी फार आहेत, पण सोपी आहेत. पळत आलेलं कुत्रं गुडघ्याला बाजूने धडकतं, म्हणून ते येताना गुडघे जरा वाकवून उभं राहायचं. वाकून मुका घ्यायला गेलं आणि त्याने डोकं वर केलं की ओठ फुटतो. पोरांना त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊच देऊ नको. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून त्यांच्या जखमा चेहऱ्यावर होतात. धाकटी आणि पिल्लू दोघंच एका खोलीत नकोत, अगदी पाच मिनिटंही. डोळ्याला नख लागलं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

जागाही पाहून दे. धाब्यावर कठडा नसेल तर कुत्र्यासोबत पळापळ बंद. पोरगं मागे बघत पळतं. कापूस वेचून झालेल्या शेतात पऱ्हाटी कापली की खुंट तिरके उभे राहतात, त्यात पाय, पोटरी, कुत्र्याचं पोट, काहीही फाटतं. चकचकीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात, तिथे गोणपाट टाक. आणि चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा खेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवे लागल्यावर. डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे तळवेही भाजणार.

खेळ चालू असताना नजर त्याच्या अंगाकडे ठेव. पुढचे पाय आडवे, मागचा भाग वर, तोंड सैल, आळीपाळीने वर-खाली, तर सगळं ठीक, मग कितीही गुरगुरो. अंग ताठ झालं, तोंड मिटलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, ते पुन्हा पुन्हा ओठ चाटू किंवा जांभया देऊ लागलं, तर खेळ तिथल्या तिथे सोडा. शंका आली तर पोरांना हात उचलायला सांग. त्याला खेळायचं असेल तर ते स्वतः परत येईल. अशा ताठ अंगाने गुरगुरलं म्हणून रागावू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने आधी सांगणं. ते बंद पाडलं तर ते न सांगता चावेल. संध्याकाळी पोरं शाळेतून आली की जो उच्छाद चालतो तो बहुतेक झोप न झाल्याचा असतो. या वयात पिल्लू दिवसाचे सतरा-अठरा तास झोपतं. अशा वेळी त्याला पोत्यावर नेऊन निजव.

एक मात्र कायमचं सांगून ठेवतो. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर घशात हाड अडकलं म्हणून तोंडात हात घालायचा नाही. पिसाळलेलं कुत्रं नेहमी अंगावर येतंच असं नाही. कधी ते मुकाट कोपऱ्यात बसतं आणि असंच दिसतं. गाई-बैलांतही तेच. दार लावून घ्यायचं, पोरांना बाहेर काढायचं आणि ढोरांच्या दवाखान्यात फोन करायचा.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, दुसरी डॉक्टर सांगतील तेव्हा, मग दरसाल. जंताचं औषधही त्यांना विचार; त्याचे जंत पोरांच्या पोटात जातात. नखं तीन-चार आठवड्यांनी कापायची, फक्त पुढचं टोक, आतली गुलाबी शीर सोडून. आतापासून रोज पंजा हातात घेऊन दाबत जा, म्हणजे तेव्हा हिसके देणार नाही. शनिवारी मी येतो. पहिल्या खेपेला नखं मी कापतो, सूनबाईला म्हणावं शेजारी बसून पाहून घे.